नाझी काळातला जर्मन लष्करी कोट अस्सल कसा ओळखावा?
जर्मन पायदळाच्या कोटाची परीक्षा बिल्ल्यांपासून नव्हे, अस्तरापासून सुरू होते. बिल्ले नंतरही शिवता येतात. आतल्या बाजूला शाईचा शिक्का असतो: पाठ, गळा, छाती, एकूण लांबी आणि बाही अशी पाच मापे सेंटिमीटरमध्ये, आणि खाली कोठाराचे अक्षर व वर्ष. ‘एम ३८’ म्हणजे म्युनिक, १९३८. सुरुवातीला कारखान्याचे नावही छापत; १९४२च्या अखेरीपासून त्याजागी नुसता सांकेतिक क्रमांक येऊ लागला.

शिवणीतही काळ दिसतो. १९३६च्या नमुन्याची कॉलर गडद हिरवी, खिशांना चुण्या. १९४३च्या नमुन्यात चुण्या नव्हत्या, लोकरीत रेयॉनची भेसळ वाढली. त्यामुळे ‘१९४४चा’ म्हणून आलेला कोट फारच उंची कापडाचा असला, तर शंका घ्यावीच. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारा धागा बहुधा युद्धानंतरचा असतो. मात्र आधुनिक साबणाने धुतलेला जुना कपडाही तसा चमकतो.

नाझी पक्षाच्या गणवेशांवर ‘आरझेडएम’ ही म्युनिकमधील पुरवठा कार्यालयाची खूण सापडते. असा कपडा इतरांना दाखवायचा असेल तर एक लक्षात ठेवावे: जर्मनीत स्वस्तिकाच्या सार्वजनिक प्रदर्शनाला दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार बंदी आहे. संशोधन व शिक्षणाला सूट मिळते.