मुलांना माणसं लाभू देत

अगं, परवा फोनवर म्हणालीस ना, लेक कुणात मिसळत नाही, घरी कोणी आलं की आतल्या खोलीत पळतो, त्याला संस्कारवर्गाला घालू का? घाल हवं तर. पण मी आधी एक विचारते, तुमच्याकडे येतं कोण? आणि आलेल्याशी तुम्ही दोघं बोलता कसं? पोरं तेच टिपतात.

आपल्या ग्वाल्हेरचंच बघ. विष्णुपंत पंडित कीर्तनकार, आणि त्यांचा स्नेह हद्दू, हस्सू, नत्थू खाँ या गवई भावांशी. त्या घरोब्यातूनच विष्णुपंतांचे चिरंजीव शंकरराव खाँसाहेबांच्या घराण्याचं गाणं शिकले. पुढे त्याच घराण्यातले निसार हुसेन खाँ पंडितांच्या घरी राहायलाच आले. कीर्तनकाराचं ब्राह्मण घर, काळ एकोणिसाव्या शतकाचा, आणि उस्ताद घरातलेच होऊन राहिलेले! शंकररावांचे कृष्णराव 1893 चे. त्यांना वडिलांची तालीम मिळाली आणि निसार हुसेन खाँचीही. गुरू शोधत त्या पोराला दारोदार फिरावं लागलं नाही, आजोबांनी आधीच माणसं जोडून ठेवली होती. 1914 मध्ये कृष्णरावांनी इथे संगीत विद्यालय काढलं, ते आज शंकररावांच्या नावाने ओळखलं जातं.

विष्णुपंतांनी काही नातवाच्या गाण्याचा हिशेब मांडून मैत्री केली नसणार. तूही तसा मांडू नकोस. 'त्याच्याशी दोस्ती ठेव, त्याचे बाबा मोठे साहेब आहेत' असं मुलासमोर कधी बोलू नको गं. त्याला तेवढंच कळतं, की माणूस कामापुरता असतो. मग तो आपल्यालाही तसाच मोजेल.

त्याला छोटी छोटी कामं सांग. संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ घेऊन शेजारच्या भाभींकडे धाकटीच जाते. मी दारातून बघतसुद्धा नाही. भाभी तिला बसवून घेतात, शाळेचं विचारतात, येताना डब्यात गजक घालून देतात. पहिल्या वर्षी ती नुसती मान हलवून पळून आली होती. आता भाभींचे गुडघे दुखतात हे मला तिच्याकडून कळतं! पाया पड, गाणं म्हणून दाखव, असली जबरदस्ती मात्र पाहुण्यांसमोर करू नकोस. लाजरं पोर त्याने आणखी मिटतं.

आणि भांडू दे त्याला. मुलं सकाळी कट्टी करतात, संध्याकाळी एकत्र खेळतात. आयांनी मध्ये पडून ते भांडण सोसायटीच्या ग्रुपवर नेलं की संपलं, मुलं विसरतात आणि आया वर्षभर बोलत नाहीत. माफी कशी मागायची, ते त्याला तुमच्या दोघांकडूनच दिसू दे. आपलं चुकलं तर त्याच्यासमोर नवऱ्याला 'चुकलं माझं' म्हण. जड जातं, मला माहीत आहे. पण बंद दाराआड झालेला समेट मुलांना दिसतच नाही, त्यांच्या वाट्याला फक्त भांडण येतं.

सासूबाईंशी तुझं बिनसलंय, ते तुझ्यापाशी ठेव. त्याची आजी त्याची राहू दे. रोज फोन त्यालाच लावू दे, काय बोलतात ते ऐकत उभी राहू नकोस.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला इकडे पाठव, महिनाभर. तू सोडायला ये आणि लगेच परत जा. माझी दोघं आहेत, भाभींची नातवंडंही येतात. पहिले दोन-तीन दिवस रडेल कदाचित, तेव्हा तू फोनवर रडू नकोस म्हणजे झालं.