पुढच्या सिग्नलला भेटूच

कोथरूड ते स्वारगेट हा माझा रोजचा रस्ता. नळ स्टॉप, म्हात्रे पूल, दांडेकर पूल. गेली बावीस वर्षं या रस्त्यावर मी दुचाकी चालवते आहे. परवान्याच्या परीक्षेत जे विचारत नाहीत, ते मला या सहा-सात किलोमीटरांनी शिकवलं. बरंचसं हसवत, थोडं रडवत.

१. कट मारून गेलेला पुढच्या सिग्नलला भेटतो.
एका सकाळी नळ स्टॉपला एका मुलाने बाइक माझ्या हँडलला जवळजवळ घासत पुढे काढली. म्हात्रे पुलाच्या सिग्नलला तो माझ्या शेजारी उभा! सिग्नल सुटताच पुन्हा सुसाट, आणि दांडेकर पुलाला पुन्हा शेजारी. तेव्हा त्यालाच हसू आलं. म्हणाला, "काकू, तुम्ही तर मागे पडतच नाही!" हिशेब सोपा आहे. सहा किलोमीटर ताशी ४० च्या वेगाने गेलं तर ९ मिनिटं लागतात, ६० ने गेलं तर ६. वाचलेली तीन मिनिटं सिग्नल गिळतात.

२. हॉर्नने लाल दिवा हिरवा होत नाही.
दहा सेकंद उरले की मागून हॉर्नची सरबत्ती सुरू होते. मुंबई पोलिसांनी यावर भन्नाट उपाय करून पाहिला होता. काही चौकांत आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. २०२० च्या सुरुवातीला त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. लोक कपाळावर हात मारत गप्प होताना दिसले. ती पाहिल्यापासून सिग्नलला माझा अंगठा हॉर्नवर जात नाही.

३. इंडिकेटरपेक्षा पुढच्या चाकाकडे बघा.
उजवा इंडिकेटर तीन चौक चालू ठेवून डावीकडे वळणारे मी मोजायचे सोडून दिले. रिक्षावाल्याचा बाहेर आलेला पाय मात्र मी मानते. तो ज्या बाजूला येतो, रिक्षा त्याच बाजूला वळते. पुढचं चाक कुणालाच फसवत नाही.

४. उलट्या दिशेने येणाऱ्यावर ओरडू नका, पाटी दाखवा.
एकेरी रस्त्यावर राँग साईडने आलेले एक गृहस्थ मलाच म्हणाले, "जरा बघून चालवा!" मी गाडी थांबवून शांतपणे म्हटलं, "काका, बाण कुठे आहे तेवढा बघा." त्यांनी मान वर केली, पाटी वाचली आणि निमूट गाडी वळवली. मी आवाज चढवला असता, तर ते तिथेच अडून बसले असते.

५. हेल्मेट घालून भांडता येत नाही.
दोघांच्या गाड्या चौकात घासल्या. दोघांच्या काचा खाली, एकाचं दुसऱ्याला ऐकू येईना. "काय?" "काय म्हणालास?" असं चाललेलं असताना सिग्नल दोनदा सुटला. कडेची फुलवाली हसायला लागली, मग ते दोघेही. ओरखडा कुणाच्याच लक्षात राहिला नाही. राग आला की मी तो चौक आठवते.

६. रुग्णवाहिकेला वाट द्या, तिच्या मागे धावू नका.
एरवी वीतभर जागा न सोडणारे रुग्णवाहिका आली की बाजूला होतात. पण तिच्या शेपटीला चिकटून तीन-चार बाइकही त्याच वाटेने निघतात. एकदा आतल्या स्ट्रेचरवर माझे वडील होते. मागच्या काचेतून त्या बाइक मला दिसत होत्या आणि 'आता ब्रेक लागला तर?' एवढंच मनात येत होतं. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार १०,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या दिवसापासून मला दंडाची गरज उरली नाही.

२०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली. म्हणजे रोज ४६० हून अधिक घरांत कुणीतरी परतलं नाही. रस्त्यावरच्या गमती घरी येऊन सांगता याव्यात, यासाठी घरी यायला हवं. उद्या सकाळी झेब्राच्या पट्ट्याअलीकडे थांबा, शेजारच्याकडे बघून हसा. घाईत पुढे गेलेला पुढच्या सिग्नलला भेटेलच.