कोंबड्यांच्या आवाराला पावसाळी छप्पर

जव्हार, मोखाडा, विक्रमगड किंवा घाटावरचे पेठ-सुरगाणा, या पट्ट्यातल्या कोणत्याही पाड्यावर गेले तरी अंगणात दहा-पंधरा कोंबड्या दिसतात. त्या बहुधा घरातल्या बाईच्या मालकीच्या असतात. शाळा उघडताना वह्या घ्यायच्या, आजारी मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे, अशा वेळी कोणापुढे हात न पसरता तिच्या हाती येणारा पैसा तो एवढाच. म्हणून श्रावण-भाद्रपदात कोंबड्या एकामागून एक मान टाकू लागल्या की ते नुकसान तिलाच बसते.

ऐन पावसाळ्यात कोंबड्या मोकळ्या सोडता येत नाहीत. भाताचे आणि नागलीचे आवण कोवळे असते, कोंबड्या ते उकरतात आणि शेजाऱ्यांशी भांडण होते. मग त्या दिवसभर डालग्याखाली किंवा अंधाऱ्या खुराड्यात अडकून पडतात. यावर चांगला उपाय म्हणजे माणसाला उभ्याने आत जाता येईल असे जाळीचे आवार. गटातल्या अनेक भगिनींनी तशी आवारे केली आहेत, पण वरून नुसती जाळी किंवा हिरवे नेट टाकले आहे. हिरव्या नेटने ऊन अडते, पाऊस अडत नाही. या पाठात आपण त्या आवाराचे छप्पर पाहू.

प्रथम एक गोष्ट समजून घेऊ. थोडा वेळ पावसात भिजली म्हणून मोठी कोंबडी मरत नाही, ती अंग झटकते आणि वाळते. मरण येते ते ओल्या जमिनीतून. विष्ठा आणि पाणी एकत्र कुजले की नाकाला झोंबणारा वास सुटतो, त्याने कोंबडीचे डोळे आणि श्वास बिघडतात. ओल आणि ऊब मिळाली की विष्ठेतले रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांतच रोग देण्याजोगे होतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना हा रोग सर्वांत जास्त मारतो. तेव्हा छप्पर आपण कोंबडीसाठी घालतो असे म्हणण्यापेक्षा जमीन कोरडी राहावी म्हणून घालतो. असा विचार केला की मापे आपोआप बदलतात.

समजा आवार बारा फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे. पंधरा-वीस कोंबड्यांना ते पुरते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यात कलते ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. आपल्याकडे झड पश्चिमेकडून येते, म्हणून पश्चिमेची आखूड बाजू कारवीचा कुड घालून शेणमातीने सारवून बंद करावी. कुडाच्या वर, छपराखाली, वीतभर फट ठेवून तिला जाळी लावावी. दार पूर्वेला.

छप्पर दुपाखी करावे. बाजूच्या मेढी जमिनीवर सहा फूट आणि मधले आढे साडेसात फुटांवर. दोन्ही बाजूंना चार-चार फुटांवर चार-चार मेढी, आणि मधल्या ओळीत आढ्याखाली तीन. आढे याहून खाली आणू नका. ज्या आवारात वाकून शिरावे लागते ते आवार कोणी रोज साफ करत नाही, हे मी पाड्यापाड्यांवर पाहिले आहे. या मापात सहा फुटी पत्रा आढ्यापासून खाली एका तुकड्यात उतरतो आणि मेढीच्या बाहेर सुमारे दीड फूट वळचण मिळते. मध्ये आडवा जोड येत नाही, म्हणून गळायची एक जागा कमी होते. पूर्व-पश्चिम टोकांनाही दीड-दीड फूट छप्पर बाहेर काढावे.

बांबू थंडीत तोडलेला, पक्का घ्यावा. तो दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवला तर कीड कमी लागते. मेढी दोन फूट खोल पुराव्यात आणि मातीत जाणाऱ्या भागाला, वर वीतभर धरून, डांबर लावावे. जंगलातले लाकूड आणण्याच्या फंदात पडू नये. कोंबड्यांच्या आवारासाठी वनखात्याच्या चौकशा कशाला मागे लावून घ्यायच्या?

पत्रा बसवताना दोन चुका नेहमी दिसतात. पहिली म्हणजे खिळा पत्र्याच्या खोलगट नाळीत ठोकणे. पाणी नाळीतूनच वाहते, त्यामुळे त्या भोकातून ते थेट आत येते. भोक नेहमी उंचवट्यावर पाडावे आणि खाली डांबरी किंवा रबरी वायसर घालावा. बांबूत खिळा ठोकला तर बांबू चिरतो, म्हणून बांबूला वळसा घालणारे हूक वापरावेत. दुसरी चूक म्हणजे शेजारच्या दोन पत्र्यांचा जोड कमी ठेवणे. निदान दीड-दोन नाळी एकावर एक याव्यात, आणि वरच्या पत्र्याची कड वाऱ्याच्या दिशेला उघडी राहू नये, म्हणून पूर्वेकडून बसवायला सुरुवात करून पश्चिमेकडे यावे. आढ्यावर वाकवलेला पत्रा हवाच.

वाऱ्याचा विचार वेगळा करावा लागतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कितीतरी घरांचे पत्रे उडाले. जाळीच्या आवारात वारा सरळ आत शिरतो आणि छपराला खालून उचलतो, त्यामुळे नुसते वर दगड ठेवून भागत नाही. वासे आडव्या बांबूला आणि आडवा बांबू मेढीला तारेने घट्ट आवळावा. चारही कोपऱ्यांत तिरपे टेके द्यावेत.

पत्रा परवडत नसेल तर? घरकुलात राहायला गेलेल्या अनेकांची जुनी मंगलोरी कौले परड्यात रचून पडलेली आहेत. ती मागून पाहा. कौले थंड राहतात, हा त्यांचा मोठा गुण. मात्र त्यांना उतार जास्त लागतो. आठ फुटी रुंदीला आढे मेढींपेक्षा अडीच फूट तरी उंच हवे, आणि वजन जास्त म्हणून वासे जवळजवळ. पेंढ्याला तर त्याहून जास्त उतार लागतो, जेवढे आडवे तेवढेच उभे, आणि दरवर्षी शाकारावे लागते. मेणकापड किंवा ताडपत्री एका हंगामापुरती चालते, पण खाली वीत-दीड वीत अंतरावर बांबूच्या चिवा हव्यात, नाहीतर मध्ये झोळ पडून त्यात पाणी साचते आणि त्या वजनाने सगळेच खाली येते.

पत्र्याचा दोष म्हणजे ऊन. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्यावर चुना मारावा किंवा पेंढा अंथरावा. पेंढा पावसाआधी आठवणीने काढावा, कारण ओला पेंढा पत्रा गंजवतो.

आता छपरावरून उतरणारे पाणी. आपल्या मापाचे छप्पर सुमारे १६८ चौरस फुटांचे होते. एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस पडला, आणि आपल्याकडे तो पडतोच, तर पागोळ्यांतून दीड हजार लिटरहून जास्त पाणी खाली येते. म्हणजे दोनशे लिटरची सात-आठ पिंपे. ते आवाराच्या कडेलाच मुरले तर वरचे छप्पर असून नसल्यासारखे होते. म्हणून आतली जमीन मुरूम टाकून बाहेरपेक्षा वीतभर उंच करावी. पागोळ्या जिथे पडतात तिथे हातभर रुंद चर खणून तो उताराकडे काढावा आणि त्यात दगड भरावेत. दगडांमुळे चिखल आत उडत नाही. शिवाय जाळीच्या तळाला बाहेरून फूटभर कुड किंवा विटा लावाव्यात. मुंगसालाही त्याने अडथळा होतो.

आत भाताचा तूस चार बोटे पसरावा आणि दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावा. मूठभर तूस हातात दाबून पाहा. मूठ उघडल्यावर तो सुटा झाला तर जमीन ठीक आहे. त्याचा लाडू बांधला गेला तर पाणी कुठून तरी येते आहे, ते शोधावे. बहुतेक वेळा पाण्याचे भांडे सांडत असते. भांडे विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवले की सांडणे कमी होते.

छप्पर घातले म्हणून लस टाळू नये. मानमोडी ओलीमुळे होत नाही, ती कोरड्या आवारातही येते. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा थेंब द्यावा आणि पुढच्या लसीची तारीख पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी.

काम मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत संपवावे. पत्रे बसले की दोन बादल्या पाणी आढ्यावर ओतावे, एकीने आत उभे राहून वर पाहावे आणि जिथे थेंब दिसेल तिथे कोळशाने खूण करावी.