ऑपरेशनची तारीख ठरली, राहायचे कुठे?

मस्कत-नैरोबीहून असोत की रत्नागिरी-जळगावहून, अंधेरी-मुलुंडच्या मोठ्या रुग्णालयांत उपचारांसाठी येणारी कुटुंबे डॉक्टर, खर्चाचा अंदाज, विमा, तिकिटे अशी सगळी तयारी चोख करतात. राहण्याचा प्रश्न मात्र ‘बोरिवलीला मावशी आहे की’ एवढ्यावर सोडलेला असतो. वॉर्डात असेपर्यंत रुग्णाकडे लक्ष द्यायला नर्स असते. डिस्चार्जनंतरचे आठवडे त्याला घरात काढायचे असतात, आणि ताप येणे, जखम चिघळणे, घसरून पडणे यांची भीती त्याच काळात जास्त. म्हणून डिस्चार्जचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून घर निवडा.

आधी डॉक्टरांना विचारा : डिस्चार्जनंतर किती दिवस शहरात थांबावे लागेल, तपासणीला किती वेळा यावे लागेल आणि प्रवासाची परवानगी कधी मिळेल? याची उत्तरे आजारागणिक बदलतात. रेटिनाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसायचेच नाही. उंचीवर वायू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते. वायू विरायला काही आठवडेही लागतात. गुडघा बदलल्यावर लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर साधारण पहिले १०० दिवस रुग्णालयाजवळच राहायला सांगतात.

परदेशातून व्हिसावर येणाऱ्यांनी व्हिसाची मुदत या मुक्कामाशी ताडून पाहावी. ई-मेडिकल व्हिसावर पहिल्या आगमनापासून ६० दिवस राहता येते, आणि सोबतच्या दोघांना अटेंडंट व्हिसा मिळू शकतो. मुक्काम लांबणार असे दिसले की मुदतवाढीसाठी लगेच हालचाल करा. परदेशी नागरिक घरी उतरला, की २४ तासांत त्याची नोंद करण्याची जबाबदारी यजमानाची असते, हे मावशीलाही आधी सांगा.

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. केमोथेरपीच्या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. पोहोचण्यातच दीड तास गेला, तर औषध तेवढेच उशिरा सुरू होणार. घाटकोपर-अंधेरी प्रवास मेट्रोने सोपा झाला आहे, पण मध्यरात्री मेट्रो नसते आणि नुकते ऑपरेशन झालेल्या माणसाला गर्दीत उभे करता येत नाही. पावसाळ्यात अंधेरी सबवे पाण्याखाली गेला की पूर्व-पश्चिम जाणे-येणे अडते. रुग्णालय ज्या बाजूला, घरही रुळांच्या त्याच बाजूला घ्या.

घर ठरवण्यापूर्वी कुणाला तरी प्रत्यक्ष बघायला पाठवा. लिफ्ट आहे का, आणि असल्यास तिच्यात व्हीलचेअर मावते का? संडासात कमोड आणि आधाराला दांडी आहे का? बाथरूमची फरशी निसरडी तर नाही? पाणी किती वाजता येते? प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णासाठी आणखी दोन गोष्टी पाहा. शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असेल, तर पाडकामाच्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस बुरशीचे कण घरात येऊन फुप्फुसांना गंभीर संसर्ग होऊ शकतो. एसीच्या डक्टमध्ये किंवा ग्रिलवर कबुतरांचा वावर असेल, तर त्यांच्या विष्ठेतूनही तसाच धोका संभवतो. असे घर भाडे कमी असले तरी नाकारा.

पैशांची ओढाताण असेल तर लाजू नका. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, धर्मशाळांची माहिती आणि चिठ्ठी बहुधा तिथेच मिळते. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अनेक वर्षे आधार देत आले आहेत. कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड केंद्रे आहेत. जागा मर्यादित असते, म्हणून चौकशी निघण्यापूर्वी करा.

भाड्याचा करार करताना मुक्काम आठवडाभराने वाढवायची सोय ठेवा आणि परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच काढा. सोबतच्या माणसाच्या झोपण्याची, जेवण्याची सोयही रुग्णाइतक्याच काळजीने बघा. रात्री औषध देणारा, ताप मोजणारा माणूस तोच आहे. तो आडवा पडला तर रुग्णाचे हाल होतात. शक्य असेल तर दोघांनी या, आणि रात्रीच्या पाळ्या पहिल्याच दिवशी वाटून घ्या.