टूसॉनचे ऊन

आपल्या मंडळातील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. प्रवेशाचे पत्र आले की आईवडील पहिली चौकशी शुल्काची करतात आणि दुसरी हवेची. माझ्या एका डॉक्टर मित्राच्या मुलाला अमेरिकेतील टूसॉन येथे अ‍ॅरिझोना विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा वहिनी निश्चिंत झाल्या. "बर्फ नाही, स्वच्छ ऊन आहे, आपल्या इंदूरसारखेच," असे त्या म्हणाल्या. मीही मान डोलावली. हे अर्धसत्य होते, हे मला पुढे कळले.

हवेचे गणित

१८८५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ सोनोरन वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटर उंचीवर आहे. ऑगस्टअखेर सत्र सुरू होते, तेव्हा पावसाळा सरत आलेला असतो. तेथेही मान्सून असतो; १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत काळ. परंतु वर्षभराचा पाऊस जेमतेम तीनशे मिलिमीटर, म्हणजे इंदूरच्या साधारण एक तृतीयांश. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ अत्यंत सुखद असतो. जानेवारीत दुपारी १८ ते २० अंश सेल्सिअस, तर पहाटे चार-पाच अंश. त्यामुळे सकाळच्या तासाला जाकीट आणि दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा असा विद्यार्थ्यांचा वेष असतो. जूनमध्ये मात्र दुपारचे सरासरी तापमान ३८ अंशांच्या आसपास जाते; २६ जून १९९० रोजी ते ४७ अंशांवर पोहोचले होते.

पहिल्याच महिन्यात मुलाने दूरध्वनीवर सांगितले, "काका, इथे घामच येत नाही!" घाम येतोच, कोरड्या हवेत तो त्वचेवर टिकत नाही एवढेच. म्हणून शरीरातील पाणी किती कमी झाले, याचा अंदाज येत नाही. शरीराला अशा उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर दुपारचे श्रम टाळावेत आणि तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे, असे मी त्याला सांगितले. माझे कर्तव्य संपले, अशी माझी समजूत झाली.

धुळीतील बुरशी

डिसेंबरच्या सुट्टीत तो घरी आला तो खोकत. तीन आठवड्यांचा खोकला, बारीक ताप, रात्री घाम, विलक्षण थकवा. क्ष-किरण चित्रात उजव्या फुप्फुसात छाया. थुंकीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत. तरीही आपल्या देशात एवढ्यावर मनात येते ते क्षयरोगाचेच नाव. घरात कुणाला क्षय होता का, हे मी विचारले. तो राहतो कुठे, हे ठाऊक असूनही त्याचा विचार केला नाही. क्षयावरील औषधे लिहिण्यासाठी मी लेखणी उचलली, तोच वहिनी सहज म्हणाल्या, "दिवाळीनंतर मित्रांबरोबर वाळवंटात भटकायला गेला होता. धुळीने माखून परतला म्हणे."

त्या वाक्याने मला थांबवले. अ‍ॅरिझोनाच्या मातीत कॉक्सिडिऑइड्स नावाची बुरशी वास करते. पावसाने ती वाढते. माती वाळली की तिचे तंतू तुटून सूक्ष्म कण होतात, वाऱ्याने उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, सांधेदुखी उद्भवते. तेथे या विकाराला 'व्हॅली फीव्हर' म्हणतात. सुमारे साठ टक्के लोकांना लक्षणेच जाणवत नाहीत. अनेक रुग्ण विशेष औषधांविना बरे होतात. परंतु मधुमेही, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत तो गंभीर होऊ शकतो. अशा रुग्णांना फ्लुकोनाझोलसारखे बुरशीविरोधी औषध लागते. हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही.

मी औषधे लिहिली नाहीत. थुंकीची रेण्वीय चाचणीही नकारात्मक आली. मुलगा स्थिर होता, म्हणून त्याला देखरेखीखाली ठेवले. जानेवारीत परतल्यावर तेथील वैद्यांनी रक्तातील प्रतिद्रव्ये तपासून निदान पक्के केले. वसंत ऋतूपर्यंत तो पुन्हा सायकलवरून वर्गाला जाऊ लागला.

शिकलेला धडा

त्या दिवशी सहा महिन्यांची अनावश्यक औषधे एका निरोगी यकृतावर लादली गेली असती. ती टळली ती माझ्या विद्वत्तेने नव्हे, एका आईच्या बोलण्याने. म्हणून व्यवसायबंधूंना तीन गोष्टी सुचवतो. सुट्टीवर आलेल्या विद्यार्थ्याला खोकला असेल, तर तो कोणत्या गावात राहतो आणि धुळीत गेला होता का, हे आवर्जून विचारावे. शंका असल्यास, निदान होण्यापूर्वी स्टिरॉइड देण्याची घाई करू नये. आणि नमुना संवर्धनासाठी पाठवताना प्रयोगशाळेला या बुरशीची पूर्वसूचना अवश्य द्यावी. बशीत वाढलेली ही बुरशी तंत्रज्ञांच्या श्वासात जाऊ शकते.

पालकांसाठी एकच सांगणे. हवा कशी आहे असे मुलांना विचारताना केवळ तापमान विचारू नका. वारा कसा आहे, माती कशी आहे, तेही विचारा. ऊन अंगावर जाणवते. धूळ मात्र न कळत आत जाते.