परदेशातील विवाहितेचे संरक्षण : साउथॉलच्या एका संस्थेचे कार्य

स्वदेश सोडून परक्या देशात स्थायिक होऊ पाहणाऱ्या व्यक्तीला भाषेची अडचण, परिचितांचा अभाव आणि देशाबाहेर घालविले जाण्याचे भय यांना तोंड द्यावे लागते. त्यामुळे अन्याय निमूटपणे सोसला जातो. काही वेळा अन्यायाचे मूळ शासकीय नियमातच असते. अशा प्रसंगी एक लहान स्थानिक संस्था काय करू शकते, हे लंडनमधील ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या महिला संस्थेच्या कार्यावरून दिसून येते.

स्थापना

पश्चिम लंडनमधील साउथॉल येथे दुसऱ्या महायुद्धानंतर भारतातून, विशेषतः पंजाबातून, आलेल्या कामगारांची मोठी वस्ती झाली. एप्रिल १९७९ मध्ये तेथे एका वंशवादी पक्षाच्या सभेविरुद्ध तीव्र निदर्शने झाली. त्याच वर्षी आशियाई व आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या स्त्रियांनी ही संस्था स्थापन केली. समाजातील वंशभेद आणि घरातील अत्याचार या दोहोंचा प्रतिकार करणे, हा तिचा उद्देश होय.

एका वर्षाचा नियम

ब्रिटनमध्ये कायम वास्तव्य असलेल्या पुरुषाशी विवाह करून आलेल्या परदेशी स्त्रीला त्या काळी प्रथम एक वर्षाचाच परवाना मिळे. या मुदतीत विवाह मोडल्यास तिचा तेथे राहण्याचा आधार नाहीसा होई. शिवाय तिला बहुतेक सरकारी आर्थिक साहाय्य घेण्यास मनाई होती. महिला आश्रयगृहांचा खर्च मुख्यतः अशाच साहाय्यातून भागत असल्याने तेथेही प्रवेश मिळणे दुरापास्त होई. परिणामी, मारहाण सोसत राहणे किंवा परित्यक्तेचा शिक्का घेऊन मायदेशी परतणे, एवढेच दोन मार्ग तिच्यापुढे उरत.

कार्यपद्धती

आश्रयार्थ आलेल्या स्त्रीला तिच्या भाषेत सल्ला देणे, तिच्या निवाऱ्याची सोय पाहणे, वकील व पोलीस यांच्याकडे तिची बाजू मांडणे, ही संस्थेची नित्याची कामे. परंतु संस्था तेवढ्यावरच थांबली नाही. एकेक प्रकरण वेगळे पाहिले असता तो घरगुती कलह वाटे. अनेक प्रकरणे एकत्र मांडली असता नियमातील दोष उघड होई. अशी माहिती संकलित करून संस्थेने १९९० नंतरच्या दशकात अन्य संघटनांसह शासनापुढे हा प्रश्न सातत्याने मांडला.

फलश्रुती

१९९९ मध्ये गृहखात्याने कौटुंबिक हिंसाचारास बळी पडलेल्या विवाहितांना सवलत जाहीर केली. मात्र पुराव्यादाखल न्यायालयाचा आदेश किंवा पोलिसांची कारवाई यांसारखी कागदपत्रे आवश्यक होती. पोलिसांत जाण्याचे धैर्य नसलेल्या स्त्रीला त्यांचा लाभ होणे कठीण होते. २००२ मध्ये या सवलतीला नियमाचे स्वरूप मिळाले आणि डॉक्टर, आश्रयगृह आदींची पत्रेही ग्राह्य धरली जाऊ लागली. २०१२ मध्ये, वास्तव्याचा अर्ज करू इच्छिणाऱ्या अशा स्त्रियांना तीन महिने सरकारी साहाय्य घेण्याची मुभा देण्यात आली.

परंतु २००३ मध्ये एक वर्षाची मुदत दोन वर्षांवर आणि २०१२ मध्ये पाच वर्षांवर नेण्यात आली. म्हणजेच पतीवर अवलंबून राहण्याचा काळ वाढला. मिळविलेल्या हक्काची राखण करण्यासाठीही संघटना टिकून राहणे आवश्यक असते, हाच या कार्याचा बोध होय.