लॅपटॉप घेताय? आधी वॅट विचारा!

गेल्या वर्षी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून मला लॅपटॉपसाठी साठ हजार रुपये दिले. मी दुकानात जाऊन फक्त ग्राफिक्स कार्डाचं नाव बघितलं आणि घेऊन आलो. तिथेच फसलो! रूममेटकडे त्याच नावाचं कार्ड. पण त्याच्याकडे गेम सुसाट, माझ्याकडे अडकत अडकत. असं का?

कारण लॅपटॉपमधल्या कार्डाला किती वीज वापरू द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. या आकड्याला टीजीपी म्हणतात. उदाहरणार्थ, आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ पासून ११५ वॅटपर्यंत चालवता येतं. बारीक, हलक्या लॅपटॉपला तेवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही, म्हणून वॅट कमी ठेवतात. नाव तेच, ताकद कमी! तेव्हा स्पेसिफिकेशनमध्ये हा आकडा शोधाच.

दुसरं म्हणजे, बजेट कमी असेल तर पैसे आधी कार्डावर घाला. ते मदरबोर्डला सोल्डर केलेलं असतं, नंतर बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी मात्र बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये पुढे वाढवता येतात. रॅमचा मोकळा स्लॉट आहे का, ते विचारून घ्या. ८ जीबीच्या एका पट्टीला जोडीला तशीच दुसरी टाकली, की ड्युअल चॅनलमुळे वेगही वाढतो.

आणि हो, पूर्ण ताकद चार्जर लावल्यावरच मिळते. हॉस्टेलची लाइट गेली की खेळ खल्लास!

बाबांच्या पगारातून तो हप्ता अजून कापला जातोय. तुम्ही तरी पैसे मोजण्याआधी हा एक आकडा बघा, एवढंच सांगणं.